पडदा दहा मिनिटं, बाकीचा तास खिडकीत

ऑनलाइन निसर्गवर्गाची सुरुवात बहुतेक वेळा वाघापासून होते. शिकवणारा स्क्रीन शेअर करतो, ताडोब्यातल्या वाघिणीचा फोटो येतो, मग हत्ती, मग देवमासा, मग जंगलतोड आणि शेवटी "कुणाला काही विचारायचंय का?" विचारायचं एवढंच असतं की "सर, आवाज तुटतोय." यात मुलांचं काही चुकत नाही. त्यांनी याहून चांगला वाघ आधीच पाहिलेला असतो, तोही हलता आणि डरकाळी फोडणारा. चौथीतलं मूल पेंग्विन बिनचूक ओळखतं आणि स्वयंपाकघराच्या गजावर रोज सकाळी शेपटी उंचावून गाणारा दयाळ मात्र त्याच्या लेखी 'एक काळा-पांढरा पक्षी' असतो. त्याच्या ओळखीच्या यादीत आणखी दहा दूरचे प्राणी वाढवून काय साधणार?

पडद्याला दोन कामं चांगली जमतात. एक नेमका प्रश्न वीस घरांत एकाच वेळी पोचवणं, आणि वीस ठिकाणी पाहिलेलं नंतर एका जागी आणणं. मधलं पाहण्याचं काम त्याच्यावर सोपवलं की वर्ग फसतो. अॅप कुठलं, कॅमेरा कुठला, थ्री-सिक्स्टी व्हिडिओ असावा की नसावा, हे सगळं त्यानंतरचं.

वेळेचंच पाहा. झूमची फुकट मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडते. यावर सगळे कुरकुरतात, पण निसर्गाच्या तासाला ही मर्यादा सोयीची आहे. पहिली आठ-दहा मिनिटं एक वस्तू दाखवायची आणि एकच प्रश्न द्यायचा. नंतरची पंधरा मिनिटं सगळ्यांनी कॅमेरा बंद करून उठायचं: गॅलरीत, जिन्यात, अंगणात, नाहीतर सरळ खिडकीशी. उरलेल्या वेळात परत येऊन सांगायचं. मुलं बारापेक्षा जास्त असतील तर सांगण्याचा भाग कोसळतो. प्रत्येकाला एक मिनिट म्हटलं तरी बारा मिनिटं जातात, आणि मिनिटभरात थांबणारं मूल विरळाच. वीस मुलं असली तर दोन तुकड्या कराव्यात. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी अख्खा तासच वीस मिनिटांचा ठेवावा.

मधल्या पंधरा मिनिटांत हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे मूल फोन बरोबर घेऊन जातं. मग ते झाडाकडे न बघता फोनमधल्या झाडाकडे बघतं, आणि वीस सेकंदांत सहा फोटो काढून "झालं" म्हणत परत येतं. म्हणून फोन टेबलावर उपडा ठेवून जायचं. बरोबर कागद आणि पेन्सिल. फोटो काढायचाच असेल तर शेवटच्या दोन मिनिटांत, चित्र काढून झाल्यावर.

प्रश्न कसा द्यायचा यावर अर्धा वर्ग अवलंबून असतो. "बाहेर जाऊन निसर्गाचं निरीक्षण करा" असं सांगितलं की मूल गोंधळतं आणि ढग बघून येतं. "मुंग्यांची रांग शोधा, समोरासमोर आलेल्या दोन मुंग्या थांबतात का, आणि थांबल्या तर शरीराचा कुठला भाग एकमेकींना लावतात?" या प्रश्नाला पंधरा मिनिटं पुरत नाहीत. चांगल्या प्रश्नाचं उत्तर बघितल्याशिवाय देता येत नाही आणि गुगलवर चटकन सापडत नाही. 'मुंग्यांना किती पाय असतात' हा प्रश्न या कसोटीवर नापास. 'तुमच्या भिंतीवरच्या पालीने दहा मिनिटांत किती वेळा झडप घातली आणि किती वेळा भक्ष्य मिळालं' हा प्रश्न पास. पालीचा प्रश्न आणखी एका कारणाने कामाचा आहे. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, रात्री आठच्या आत घरी येत नाही. अशा मुलांना सकाळच्या पक्ष्यांचा वर्ग परवडत नाही. त्यांच्यासाठी रात्रीचे विषय हवेत: ट्यूबलाइटभोवतीची पाल, पावसाळ्यातल्या बेडकांचे आवाज, चंद्र रोज किती उशिरा उगवतो (साधारण पन्नास मिनिटं, पण दर दिवशी सारखी नाहीत), दिव्यावर येणारे पतंग.

पतंगांचा तास सोपा वाटतो आणि बऱ्याचदा फसतो. पांढरी चादर दोरीवर ताणून वाळत घालायची, पुढे दिवा लावायचा, एवढंच. फसण्याचं कारण दिव्यात असतं. घरातल्या एलईडी बल्बमधून अतिनील प्रकाश जवळपास येतच नाही, आणि पतंगांना तोच ओढतो. अडगळीत जुना सीएफएल असेल तर तो काढावा. चादर स्वच्छ पांढरी हवी. निळीत बुडवलेली चालते, फुलाफुलांची नाही. अमावास्येच्या आसपासची, दमट पण पाऊस थांबलेली रात्र निवडावी. पौर्णिमेला चादर रिकामी राहते आणि मुलं खट्टू होतात. तासाभराने दिवा बंद करायचा, नाहीतर पतंग पहाटेपर्यंत तिथेच चिकटून राहतात आणि उजाडताच बुलबुलांची न्याहारी होते. तीही पाहण्यासारखी असते म्हणा, पण आपण बोलावलेल्या पाहुण्यांची ही गत बरी नव्हे.

ज्या घरात व्हिडिओ कॉल शक्यच नाही, तिथे दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवावा. त्यात प्रश्न, काय घेऊन जायचं आणि किती वेळ, एवढंच असावं. मूल दुसऱ्या दिवशी बघतं, संध्याकाळी वहीच्या पानाचा एक फोटो पाठवतं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये ४८० पिक्सेलचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी खातो. आवाजाला त्याचा किरकोळ भागच लागतो. थेट वर्गात बसलेल्या मुलापेक्षा असं एकटं बघणारं मूल पुष्कळदा जास्त बघून येतं, कारण 'झालं' म्हणून परत यायला त्याच्यापुढे स्क्रीनच नसते.

आता आवाजाबद्दल. पक्ष्यांच्या आवाजाचा वर्ग घेताना शिकवणारा उत्साहाने फोन खिडकीबाहेर धरतो: "ऐका, पावशा ओरडतोय!" मुलांना ऐकू येते ती शांतता. नेटवर्क बरं असतं, फोनही बरा असतो. मीटिंगचं अॅप माणसाचा आवाज ठेवून बाकी सगळं गोंगाट समजून गाळून टाकतं. पावशाचं 'पेरते व्हा' त्याच्या लेखी पंख्याच्या घरघरीच्याच रांगेतलं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती चालू केली की ही गाळणी उठते. मूळची ती संगीतशिक्षकांसाठी आहे. दुसऱ्या अॅपमध्ये सेटिंग्जमधलं 'नॉइज कॅन्सलेशन' बंद करावं. त्यानंतरची अडचण वाऱ्याची. माइकच्या भोकावर पातळ स्पंजचा तुकडा चिकटपट्टीने लावला तर फडफड बरीच कमी होते.

तरीही हा वर्ग ऐकवण्यापेक्षा ऐकायला पाठवण्यावर चांगला चालतो. कोऱ्या कागदाच्या मध्यभागी फुली मारायची, ती म्हणजे आपण. डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं. आवाज आला की तो ज्या दिशेने आणि जितक्या लांबून आला तिथे कागदावर खूण करायची. कुकरच्या शिट्ट्या, हॉर्न, शेजारच्यांची मालिका हे सगळं कागदावर येऊ द्यावं. फक्त पक्षी लिहा म्हटलं की शहरातलं मूल पाच मिनिटांत 'काहीच नाही' म्हणून उठतं. सगळे आवाज लिहायला लागल्यावर तिसऱ्या मिनिटाला त्याला तांबटाची टुक-टुक सापडते. ती पहिल्यापासून चालूच असते, हातोडीचा आवाज म्हणून सोडून दिलेली. बारा मुलांचे बारा नकाशे स्क्रीनवर शेजारी-शेजारी लावले की एक गोष्ट न सांगता कळते: रस्त्याकडच्या खिडकीतल्या कागदावर जवळच्या खुणा जास्त, दूरच्या जवळपास नाहीत. गोंगाट दूरचं ऐकणं आधी खाऊन टाकतो.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं अॅप आता पुष्कळ मुलांच्या फोनवर असतं. ते वापरू द्यावं, पण ते साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. सह्याद्रीच्या जंगलात शेपटीला दोन लांब पिसं असलेला भृंगराज कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, आणि अॅप त्या नकलेला बळी पडू शकतं. नियम असा ठेवावा: अॅपने सांगितलेला पक्षी डोळ्यांनी दिसला तरच वहीत नाव, नाहीतर नुसतं 'अॅपच्या मते' असं लिहायचं. आणि मुलं एक गोष्ट हमखास करून बघतात, ती आधीच बंद करायची. रेकॉर्ड केलेला आवाज मोठ्याने लावून पक्ष्याला जवळ बोलावायचं नाही. विणीच्या हंगामात नर आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून घरटं सोडून भांडायला येतो.

फोनचा कॅमेरा खरा उपयोगी पडतो तो लहान वस्तूंसाठी. दुकानात मिळणारी क्लिपची भिंग बरी असतात, पण पाण्याचा एक थेंबही चालतो. फोन टेबलावर आडवा, मागची बाजू वर. ड्रॉपरने लेन्सवर एक छोटा थेंब सोडायचा आणि फोन झटकन पालथा करायचा. थेंब लेन्सला लटकून राहतो. मग पान किंवा मुंगी जवळजवळ एका सेंटिमीटरवर आणायची. फोन पुढे-मागे हलवूनच फोकस मिळतो. स्क्रीनला बोट लावून उपयोग नाही. थेंब मोठा झाला तर ओघळतो. मागे तीन कॅमेरे असतील तर चालू कुठला ते आधी बोटाने झाकून तपासावं, कारण मुलं हमखास बंद लेन्सवर थेंब टाकतात. काच तडकलेली असेल तर हा उद्योग नको. आणि प्रत्येक फोटोत आगपेटीची काडी किंवा पट्टी ठेवायचीच. पडद्यावर मुंगी आणि मांजर एकाच आकाराची दिसतात. मोजपट्टीशिवाय फोटो म्हणजे अर्धी माहिती.

या सगळ्यात घरबसल्या सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट कुठली म्हणाल, तर कढीपत्त्याची कुंडी. हे माझं ठाम मत आहे आणि त्यासाठी मी वाघ, व्हेल, थ्री-डी डोंगर सगळं सोडून द्यायला तयार आहे.

कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. त्यांच्यावर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं अंडी घालतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं नीलवंतही लिंबाच्याच कुळावर वाढतं, पण ते गॅलरीत येईल या भरवशावर राहू नये. कुंडी आठ-दहा इंचांची पुरते, चार-पाच तास ऊन हवं. वरचे शेंडे खुडून नवी पालवी येऊ द्यायची, कारण मादी अंडी घालते ती कोवळ्या पानांवर, बहुधा एकेक, सुटी. अंडं फिकट पिवळं, टाचणीच्या डोक्याएवढं. पहिले काही दिवस मुलं पानांवरची प्रत्येक धूळ अंडं म्हणून पाठवतात. पाठवू द्यावी, त्यातूनच नजर बसते.

तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. ती असते दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी-काळी, मधे पांढरट पट्टा, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी. हे सोंग पक्ष्यांपासून वाचण्यासाठी असतं, पण ते आधी सांगू नये. "ही कशासारखी दिसते?" एवढंच विचारावं. 'चिमणीची शी' हे उत्तर कुणीतरी खिदळत देतंच, आणि पुढचं सगळं स्पष्टीकरण तिथून आपोआप निघतं. चार वेळा कात टाकून पाचव्या अवस्थेत ती एकदम हिरवी होते, कारण आता ती विष्ठेपेक्षा मोठी झालेली असते आणि ते सोंग पटणार नसतं. या वयात तिला डिवचलं की डोक्यामागून केशरी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास पसरतो. वास पडद्यावरून जात नाही. ज्यांच्याकडे अळी आहे त्यांनी तो शब्दांत सांगायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचा.

रोज एक फोटो, पट्टीसकट, त्याच वेळेला. लांबीचा आलेख पहिल्या आठवड्यात सपाट दिसतो आणि शेवटच्या काही दिवसांत उभा चढतो, चार सेंटिमीटरच्या आसपास. अळीचा सगळा काळ दोन-अडीच आठवड्यांचा, मग कोष. कोष करण्यापूर्वी ती कुंडी सोडून भटकायला लागते. मुलं तेव्हा 'अळी हरवली' म्हणून रडकुंडीला येतात, म्हणून आदल्या दिवसापासून एक जाडसर काडी कुंडीत खोचून ठेवावी. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, कोष फुटतो. त्याआधीच्या दिवशी कवचातून पंखांची नक्षी दिसू लागते. तेव्हा ग्रुपवर निरोप टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कॅमेरा लावायचा. संपूर्ण आभासी वर्गात थेट प्रक्षेपणाला खरोखर अर्थ आहे तो याच सकाळी. फुलपाखरू बाहेर पडल्यावर लालसर थेंब गळतो. ते रक्त नाही, कोषात साठलेलं टाकाऊ द्रव्य आहे, हे लगेच सांगावं. पंख खाली लोंबवून तासभर वाळू द्यायचे. त्या वेळी बोट लावलं तर पंख कायमचे वाकतात.

आता बिघाड. अळी घरात डब्यात ठेवून बाजारातली कढीपत्त्याची जुडी आणून खायला घातली की दुसऱ्या दिवशी ती मरून पडते. पानं धुतलेली असली तरी फवाऱ्याचा अंश राहतोच. आपल्या कुंडीतलीच पानं द्यावीत. फांदी पाण्याच्या बाटलीत खोचली असेल तर तोंडाला कापसाचा बोळा लावावा, नाहीतर अळी देठावरून उतरून पाण्यात बुडते. डब्याला घट्ट झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. वर मलमल आणि रबरबँड पुरे, विष्ठा रोज झटकायची. मुंग्या अंडी पळवतात, म्हणून कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी आणि ताटलीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलावं, एरवी डासांच्या अळ्यांचाच वर्ग सुरू होईल. आणि कधीकधी कोष काळपट पडतो, त्याला बारीक भोक दिसतं आणि त्यातून फुलपाखराऐवजी डझनावारी चिमुकल्या परजीवी माश्या बाहेर पडतात. पालक अशा वेळी कोष गुपचूप फेकून देतात आणि 'उडून गेलं' असं सांगतात. तसं करू नये. एका घरात फुलपाखरू निघालं, दुसऱ्यात माश्या, तिसऱ्यात अंडंच फुटलं नाही, हे एकाच पडद्यावर एकत्र दिसणं हाच या वर्गाचा गाभा आहे. एकट्या मुलाला ते अपयश वाटतं. बारा जणांच्या तक्त्यात तेच निसर्गाचं प्रमाण होऊन येतं.

झाडाचं तसंच. प्रत्येकाने खिडकीतून दिसणारं एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी बघायचं. नवी पानं, जुनी पानं, कळ्या, फुलं, फळं यांपैकी प्रत्येकासाठी 'नाही', 'थोडी' किंवा 'पुष्कळ' एवढंच लिहायचं. झाडाच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त भागावर असली तर पुष्कळ. सीझनवॉच या भारतभरच्या उपक्रमात मुलं अशाच नोंदी करतात आणि त्या वैज्ञानिकांच्या कामी येतात. फोटो काढायचा तर उभं राहण्याच्या जागी फरशीवर चिकटपट्टीची खूण करून, झूम न वापरता. फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने चकचकीत करतो, त्यामुळे फोटोतली पिंपळाची तांबूस पालवी खऱ्यापेक्षा लालभडक दिसते. रंगाची नोंद डोळ्यांनी करावी. झाड निवडताना करंज, बहावा, काटेसावर, पिंपळ, आंबा अशी वर्षभरात रूप पालटणारी घ्यावीत. अशोक म्हणून सोसायट्यांत लावलेल्या उंच हिरव्या झाडाकडे मूल तीन आठवड्यांत पाठ फिरवतं. पावसाळ्यापूर्वी महापालिकेची माणसं येऊन फांद्या छाटून जातात. तीही नोंदच आहे, तारखेसकट लिहावी.

दूरचं काही दाखवायचंच नाही का? दाखवावं, पण पडद्यावरच नीट दिसतं तेच. लोणारचं विवर काठावर उभं राहून गोल आहे हे जितकं कळतं, त्याहून गुगल अर्थवर वरून जास्त कळतं. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते दाखवून लगेच मुलांना त्याच मोजपट्टीने आपल्या घरापासून १.८ किलोमीटरवर काय येतं ते शोधायला लावायचं: शाळा, एसटी स्टँड की आजीचं घर. मग विवर डोक्यात बसतं. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा बोटाने धरून पंढरपूरपर्यंत खाली येणं हाही चांगला अर्धा तास आहे. वळणं, धरणं आणि पात्राचा रंग कुठे बदलतो हे मुलांनी सांगायचं.

थेट कॅमेऱ्यांचं जरा वेगळं. अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात ब्रुक्स धबधब्यावर जुलैमध्ये अस्वलं उडी मारणारे सामन मासे पकडतात आणि ते थेट दिसतं. आपल्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसहा, आणि जुलैत त्या वेळी लख्ख उजेड असतो. म्हणजे शाळेआधीच्या वेळेला हा कॅमेरा योग्य. दक्षिण आफ्रिकेतले पाणवठे आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आपल्या संध्याकाळी सहाला तिथे दुपारचे अडीच. वेळेचं हे गणित न करता वर्ग ठेवला की मुलं अंधारा पडदा बघत बसतात. नुसतं बघायलाही बसवू नये. दर दोन मिनिटांनी शिट्टी, त्या क्षणी किती प्राणी दिसतात आणि ते काय करतात याची एक रेघ. वीस मिनिटं काहीच आलं नाही तर दहा रेघा शून्याच्या. त्या पुसायच्या नाहीत.

सुरक्षेचं थोडक्यात. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही. कण्हेर, धोतरा, गुंज, घाणेरी यांचं काही तोंडात घालायचं नाही. दगड-लाकडं उचलून बघायची नाहीत, निदान मोठं माणूस शेजारी नसताना नाहीच, कारण फुरसं त्याखालीच असतं. फोटोवरून झाडं-प्राणी ओळखायला लहान मुलांसाठी आयनॅचरलिस्टचं सीक हे अॅप बरं, त्याला खातं लागत नाही. आयनॅचरलिस्टचं मुख्य अॅप पालकांच्या खात्यावरून वापरत असाल तर ठिकाण 'ऑब्स्क्युअर्ड' ठेवा, म्हणजे घराचा नेमका ठिपका नकाशावर दिसत नाही. आणि एखादं मूल कौतुकाने पिंजऱ्यातला पोपट कॅमेऱ्यासमोर आणेल. आपले देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण ते सगळ्यांसमोर त्या पोराला ऐकवू नये. तास संपल्यावर त्याच्या आईबाबांना फोन करावा.

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट येतो. चार दिवस, एका जागी कमीत कमी पंधरा मिनिटं, दिसेल त्या पक्ष्याची संख्या. २०१३ पासून तो भारतातही होतो. वर्षभर खिडकीत बसलेल्या मुलांना यासाठी वेगळं काही शिकवावं लागत नाही. कबुतरं मोजायचा कंटाळा करतात, तेवढं बघावं.

शाळांना मे महिन्यात सुट्टी असते आणि सगळे ऑनलाइन उपक्रमही तेव्हा बंद होतात. हे उलटं आहे. मुलं एकाच शहरात असताना त्यांची निरीक्षणं सारखीच येतात. मे महिन्यात वर्ग आजोळी पांगतो: कुणी कोल्हापुरात, कुणी नागपुरात, कुणी जळगावात. सूर्याच्या सावलीच्या वर्गाला नेमकं हेच हवं. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मुंबईत हे एक-दोन दिवसांनी, कोल्हापुरात आठवडाभर आधी, नागपुरात २६ मेच्या आसपास.

एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. जमीन सपाट हवी. ताटात पाणी ओतून तपासा. काठी उभी आहे का ते दोऱ्याला नट बांधून केलेल्या ओळंब्याने बघा, कारण चुका सगळ्या इथेच होतात. १४ मेला सव्वाअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीचं टोक खडूने नोंदवा, दर पाच मिनिटांनी बारानंतर, आणि एकपर्यंत थांबा. सर्वांत लहान सावली तीच आपल्या गावची खरी दुपार. घड्याळाचे बारा ती नव्हेत: नागपुरात ती साधारण १२:१० ला, पुण्यात १२:३१ ला, कारण भारतीय प्रमाणवेळ या दोन्ही गावांच्या पूर्वेकडच्या रेखावृत्तावरून ठरते. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे दोनदा सांगा.

त्या दिवशी पुण्यातलं मूल सांगेल, सावली नाही. नागपूरचं सांगेल, उत्तरेकडे चार-साडेचार सेंटिमीटर. कोल्हापूरचं सांगेल, दक्षिणेकडे तीन-साडेतीन. सावली दक्षिणेकडे पडते हे ऐकून बाकीचे वाद घालतील, घालू द्या. न्यू जर्सीतला मामेभाऊ त्याच्या दुपारी मोजून चाळीस सेंटिमीटर कळवेल, आणि त्याच्याकडे शून्य सावली वर्षात कधीच का येत नाही हा प्रश्न तोच विचारेल. सातवी-आठवीच्या मुलांना पुढे नेता येतं. नागपूर आणि कोल्हापूरच्या सावल्यांवरून सूर्यकिरण काठीशी किती कोन करतात ते काढायचं; सावल्या उलट दिशांना आहेत, म्हणून दोन्ही कोनांची बेरीज केली की साधारण ४.४ अंश येतात. दोन्ही गावांमधलं अंतर गुगल अर्थवर मोजायचं, पण तिरकं नाही, सरळ उत्तर-दक्षिण: सुमारे ४९० किलोमीटर. ४९० ला ३६० ने गुणून ४.४ ने भागा. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतो. सावलीच्या मोजणीत एक सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर पाच हजार किलोमीटरने हलतं, म्हणून प्रत्येक गावात शक्य असेल तर दोघांनी वेगवेगळ्या काठ्यांनी मोजावं. जुलैच्या अखेरीस पुण्या-मुंबईत शून्य सावली पुन्हा येते, तेव्हा मात्र वर ढग असतात; त्या तारखेच्या भरवशावर मे सोडू नका.